नकाशाच्या एपीआयला टेस्ट लिहायच्या तर आधी एक छोटं गाव कागदावर काढ

तुझा प्रश्न असा होता की तुमची चार जणांची टीम पूरपट्ट्याच्या नकाशासाठी डेटा एपीआय (एका प्रोग्रामनं दुसऱ्याला डेटा द्यायचा दरवाजा) बनवतेय, खाली पोस्टजीआयएस म्हणजे नकाशे साठवणारा डेटाबेस, वर पायथन, समोर लीफलेटचा नकाशा, आणि तू त्याला साठेक ऑटोमेटेड टेस्ट लिहिल्या आहेस पण त्या सगळ्या स्टेजिंग म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर जातात, आलेला जेसन (डेटाचा मजकूर) जुन्या सेव्ह केलेल्या फाइलशी अक्षर न् अक्षर ताडून बघतात आणि दर दोन दिवसांनी त्यातल्या दहा-बारा लाल म्हणजे नापास होतात. टीममधले म्हणतात बंद करून टाक. तर असल्या रोज बदलणाऱ्या डेटाला टेस्ट लिहून उपयोग आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठनं करायची.

उपयोग आहे भावा, लई आहे. मी कोल्हापुरात बसून पंधरा वर्षं हेच काम करतोय, आणि नकाशाच्या डेटाइतकी टेस्टची गरज मला दुसऱ्या कुठल्या एपीआयला दिसली नाही. कारण सांगतो. बिलाच्या एपीआयमधे आकडा चुकला तर गिऱ्हाईक फोन करतो. नकाशात चूक झाली तरी स्टेटस २०० म्हणजे 'सगळं ठीक' येतो, जेसन व्यवस्थित वाचला जातो, स्क्रीनवर रंगीत पॉलिगॉन (बंद आकार) पण दिसतो, बघणाऱ्याला वाटतं झालं काम. कोल्हापूर साधारण १६.७० उत्तर अक्षांश आणि ७४.२४ पूर्व रेखांशावर आहे, हे दोन आकडे उलटे झाले तर आपलं गाव नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात बेअर बेटाजवळ जाऊन पडतं, आणि ही चूक मोठी असल्यामुळं लगेच सापडते म्हणून मला तिची तेवढी भीती नाही. भीती दोनशे मीटरच्या चुकीची आहे. पंचगंगेच्या काठाला दोनशे मीटर म्हणजे घर पुरात आहे की बाहेर आहे एवढा फरक, आणि तो नकाशाकडं बघून कुणाच्या लक्षात येत नाही.

तुझ्या टेस्ट लाल का होतात ते बघ. एक तर स्टेजिंगवरचा डेटा कुणीतरी बदलतं, ते उघड आहे. पण दुसरं कारण असं की जेसन अक्षर न् अक्षर ताडणं हेच चुकीचं आहे. एकच पॉलिगॉन वेगळ्या बिंदूपासनं सुरू करून लिहिला तरी जमीन तीच राहते पण मजकूर बदलतो. जिओस म्हणजे आकारांचं गणित करणारी लायब्ररी, तिची आवृत्ती बदलली की इंटरसेक्शनच्या निकालात बिंदूंचा क्रम बदलू शकतो, प्रोज म्हणजे निर्देशांक एका पद्धतीतनं दुसरीत नेणारी लायब्ररी बदलली की दशांशातला शेवटचा आकडा हलू शकतो. म्हणजे तुझी टेस्ट लाल झाली तेव्हा जमिनीत काहीच बिघडलं नव्हतं, आणि असं चार वेळा झालं की माणूस लाल रंगाकडं बघायचंच सोडतो, मग खरा बग पण त्या गर्दीतनं निघून जातो.

म्हणून पहिलं काम, खरा डेटा बाजूला ठेव. आलेख कागद घे आणि त्यावर एक खोटी वाडी काढ. मी गंमत म्हणून सांगत नाही, आमच्या टीममधे नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी त्याला हेच करायला लावतो. कागदाचा डावा खालचा कोपरा ७४.२० रेखांश आणि १६.७० अक्षांश धर, प्रत्येक मोठा चौकोन ०.०१ अंशाचा. त्यात एक साधा चौकोनी पूरपट्टा काढ. एक पॉलिगॉन मधे भोक असलेला काढ, म्हणजे चहूबाजूला पाणी पण उंचावरचं गावठाण कोरडं, शिरोळकडच्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही. एक मल्टिपॉलिगॉन काढ, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकाच मालकाचं शेत. एक आकार इंग्रजी एलसारखा, एक हात लांब आणि एक आखूड, तो का ते पुढं सांगतो. मग चार-पाच निवारा केंद्रांचे बिंदू टाक, एक पट्ट्याच्या आत, एक बाहेर, एक गावठाणाच्या भोकात, आणि एक बरोबर पट्ट्याच्या हद्दीवर. शेवटी एक ओळ अशी की जिचं नाव आहे पण जॉमेट्रीच (आकारच) नल म्हणजे रिकामी आहे, कारण खऱ्या डेटात अशा ओळी असतातच. सगळ्या मिळून बारा-पंधरा ओळी होतील, त्याच्या पुढं जाऊ नको. या वाडीबद्दल कुठलाही प्रश्न विचारला तर उत्तर तुला कागदावर बोट ठेवून देता आलं पाहिजे, कोड न चालवता.

ही वाडी टेस्ट सुरू होताना रिकाम्या डेटाबेसमधे भरायची. डेटाबेस खराच घे, पोस्टजीआयएसचा कंटेनर (काम झालं की फेकून देता येणारी स्वतंत्र प्रत) उभा कर, प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमधे चालव आणि शेवटी रोलबॅक करून बदल मागे घे, म्हणजे एक टेस्ट दुसरीचा डेटा खराब करत नाही. बरेच जण इथं डेटाबेस मॉक करतात, म्हणजे खोटा उभा करतात, कारण वेगवान होतं, पण आपल्या कामात निम्मं लॉजिक एसक्यूएलमधे असतं, 'एकमेकांना भेटतात का' विचारणाऱ्या एसटी इंटरसेक्ट्सच्या जागी 'पूर्ण आत आहे का' विचारणारं एसटी विदिन लिहिलंस तर मॉकला त्याचा पत्ताच लागणार नाही. तो हद्दीवरचा बिंदू आठव. एसटी कन्टेन्सला विचारलं तर तो आत नाही, एसटी कव्हर्सला विचारलं तर आत आहे, दोघंही आपापल्या व्याख्येनं बरोबर. हद्दीवरचं केंद्र पुरात धरायचं की नाही हा निर्णय डेव्हलपरनं घ्यायचा नाही, पूर नियंत्रणाचं काम ज्यांच्याकडं आहे त्यांना विचार, आणि जे उत्तर येईल त्याची टेस्ट लिही, नाव पण सरळ ठेव, 'हद्दीवरचं केंद्र पुरात धरलं जातं'. आमच्याकडं टेस्टची नावं वाचूनच नव्या माणसाला नियम कळतात, वेगळं डॉक्युमेंट कुणी उघडत नाही.

आता बीबॉक्स, म्हणजे नकाशाच्या कुठल्या चौकटीतला डेटा पाहिजे ते सांगणारे चार आकडे. सगळ्यात जास्त बग इथंच निघतात म्हणून इथं वेळ घालव. वाडीवर एक चौकट टाक जी पट्ट्याला अर्धवट कापते, तो पट्टा आला पाहिजे. फक्त कडेला चिकटलेली चौकट टाक. भोकाच्या पूर्ण आत बसणारी चौकट टाक, इथं पट्टा यायला नको, पण पॉलिगॉनची नुसती बाहेरची चौकट बघणारी क्वेरी लिहिली असेल तर येतो, आणि हा बग मी कमीत कमी तीन वेगवेगळ्या प्रोजेक्टात बघितलाय. मग वाईट इनपुट. तीनच आकडे, आकड्याच्या जागी अक्षरं, दक्षिण उत्तरेपेक्षा मोठी. सगळ्याला ४०० ('मागणीच चुकीची') आलं पाहिजे आणि काय चुकलं ते मेसेजमधे पाहिजे. ५०० ('सर्व्हरच अडकला') आलं तर वाईट, पण २०० आणि रिकामी यादी आली तर त्याहून वाईट, कारण समोरच्या माणसाच्या स्क्रीनवर त्याचा अर्थ 'इथं पूर नाही' असा होतो. फक्त पश्चिम पूर्वेपेक्षा मोठी असेल तर ती चूकच असते असं नाही, १८० अंशाची रेषा ओलांडणारी चौकट नियमाप्रमाणं तशीच लिहितात, आपल्याला त्याची गरज पडणार नाही पण म्हणून कोडमधे गुपचूप अदलाबदल करू नको, ४०० देऊन मोकळा हो.

याच्याच पोटातली अजून एक गोष्ट. कुणी बीबॉक्सचं स्पेलिंग चुकवून पाठवलं तर तुझं एपीआय काय करतं? बहुतेक फ्रेमवर्क अनोळखी पॅरामीटरकडं दुर्लक्ष करतात, म्हणजे फिल्टरच लागत नाही आणि अख्खा जिल्हा परत येतो. नकाशाच्या डेटाची मानकं ठरवणारी ओजीसी ही संस्था, तिच्या एपीआय फीचर्स मानकाचा जो मूळ भाग २०१९ मधे आला त्यात स्पष्ट आहे की एपीआयच्या व्याख्येत नसलेला पॅरामीटर आला तर ४०० द्यायचं. तू ते मानक पाळत असशील किंवा नसशील, हा नियम उचल आणि त्याला टेस्ट लिही.

अक्षांश-रेखांशाच्या क्रमाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथं मानकांनीच घोळ करून ठेवलाय. जिओजेसनचा (नकाशाच्या आकारांच्या जेसनचा) नियम आरएफसी ७९४६, २०१६ चा, त्यात आधी रेखांश मग अक्षांश, नेहमी, आणि निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ मधेच, म्हणजे जीपीएस वापरतं त्या पद्धतीत. डब्ल्यूएमएस म्हणजे नकाशाचं तयार चित्र देण्याचं मानक, त्याच्या १.१.१ आवृत्तीत ईपीएसजी ४३२६ ची (डब्ल्यूजीएस ८४ च्या अक्षांश-रेखांशाचाच हा क्रमांक) चौकट रेखांश आधी धरून पाठवतात, आणि १.३.० मधे त्याच ४३२६ ला अक्षांश आधी. पॅरामीटरचं नाव पण बदलतं, आधी एसआरएस, नंतर सीआरएस. रेखांश आधीच पाहिजे असेल तर १.३.० मधे सीआरएस ८४ मागायचं. म्हणून डब्ल्यूएमएस देत असशील तर एकाच चौकटीची तीन मागण्यांची एक टेस्ट लिही, १.१.१ ची, १.३.० ची ४३२६ मधली, आणि १.३.० ची सीआरएस ८४ मधली, तिन्हींचं चित्र एकच आलं पाहिजे. आणि इथं तो एलसारखा आकार कामाला येतो. चौकोन उलटा केला, आडवा केला, वरचा खाली केला तरी चौकोनच दिसतो, त्यामुळं चौकोनावर लिहिलेली टेस्ट हिरवी राहते. एलचा आखूड हात कुठल्या बाजूला गेला ते लगेच कळतं. पायथनमधे पायप्रोज (प्रोजचं पायथन रूप) वापरत असशील तर ऑलवेज एक्सवाय (नेहमी रेखांश आधी) चालू आहे का ते आधी बघ, निम्म्या अदलाबदली तिथनंच येतात.

जॉमेट्री ताडताना शेपली या पायथन लायब्ररीमधे वाचून घे, मग टोपोलॉजिकली समान आहे का ते विचार, किंवा दोन्ही आकार नॉर्मलाइझ करून (बिंदूंचा क्रम एकसारखा करून) ०.००००००१ अंशाच्या फरकापर्यंत चालेल असं ठेव, जमिनीवर तो सेंटिमीटरभर होतो, पूरपट्ट्याला भरपूर झाला. सहा दशांश म्हणजे अकरा सेंटिमीटर, त्यामुळं एपीआयमधनं पंधरा दशांश पाठवत असशील तर ते पण कमी कर, मोबाइलवर पुराच्या दिवशी नेटवर्क कसं असतं तुला माहीत आहे. याशिवाय काही गोष्टी प्रत्येक फीचरला लागू होतात, त्या एका फंक्शनमधे लिहून सगळ्या टेस्टमधनं बोलव, म्हणजे रिंगचा (आकाराच्या कडेच्या रेषेचा) पहिला आणि शेवटचा बिंदू एकच आहे, रिंगमधे कमीत कमी चार बिंदू आहेत, बाहेरची रिंग घड्याळाच्या उलट दिशेनं जाते, आकार स्वतःलाच कापत नाही. आणि ती नल जॉमेट्रीची ओळ, तिच्यामुळं अख्खी मागणी कोसळायला नको, जिओजेसनमधे जॉमेट्रीच्या जागी नल चालतो.

क्षेत्रफळ देत असशील तर हा भाग दोनदा वाच. वाडीतला ०.०१ अंशाचा चौकोन आपल्या अक्षांशावर साधारण १.०७ किलोमीटर रुंद आणि १.११ किलोमीटर उंच आहे, म्हणजे ११८ हेक्टर. हाच चौकोन वेब मर्केटर म्हणजे वेबवरच्या नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात (ईपीएसजी ३८५७) नेऊन क्षेत्रफळ काढलं की १२९ हेक्टर येतं, साडेनऊ टक्के फुगलेलं. एकराचा तुकडा घेतला तर ४० गुंठ्यांचे जवळपास ४४ गुंठे. पंचनाम्यात शेतकऱ्याच्या नावापुढं हा आकडा जाणार असेल तर ही चूक कुणाच्या तरी खिशातनं जाते. पोस्टजीआयएसच्या जिओग्राफी प्रकारात (जो पृथ्वीचा गोलपणा धरतो) क्षेत्रफळ काढ किंवा यूटीएम या मीटरमधे मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा ४३ उत्तर झोन म्हणजे ईपीएसजी ३२६४३ वापर, आपण त्याच्या ७५ अंशाच्या मधल्या रेषेजवळच आहोत. टेस्टमधे ११८ च्या आसपास अर्धा हेक्टर इकडंतिकडं चालेल असं लिही, ३८५७ वाला आकडा त्यात कधीच बसणार नाही.

आता पेजिंग, म्हणजे लांब यादी पानापानानं देणं, आणि इथं माझ्यावर आलेली एक वेळ सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमनं निवारा केंद्रांची यादी देणारं एपीआय केलं होतं, ५० च्या पानांनी. एकूण आकडा बरोबर यायचा, १३७ म्हणजे १३७, म्हणून आम्ही निश्चिंत. पावसाळ्याच्या तोंडावर एका गावच्या ग्रामसेवकांचा फोन आला की आमच्या गावची शाळा यादीत दिसत नाही. डेटाबेसमधे शाळा होती. दिवसभर शोधल्यावर कळलं की क्वेरीत ऑर्डर बायच (ओळींचा क्रम ठरवणारा भाग) नव्हतं, डेटाबेस प्रत्येक पानाला वाटेल त्या क्रमानं ओळी देत होता, त्यामुळं चार केंद्रं दोनदा येत होती आणि चार कुठल्याच पानावर येत नव्हती, बेरीज मात्र जुळत होती. त्या दिवशी नदी वाढलेली असती तर काय झालं असतं हा विचार मला अजून अस्वस्थ करतो. तेव्हापासनं ही टेस्ट माझ्या प्रत्येक प्रोजेक्टात असते: लिमिट (एका पानावर किती ओळी) २ ठेवायचं, पहिल्या पानापासनं नेक्स्टच्या लिंका धरून शेवटपर्यंत जायचं, सगळे आयडी गोळा करायचे आणि बघायचं की एकही दोनदा आला नाही आणि वाडीतला एकही सुटला नाही. जाता जाता प्रत्येक नेक्स्ट लिंकमधे मूळचा बीबॉक्स तसाच आहे का ते पण तपास, तो दुसऱ्या पानावर गळून पडणं फार सर्रास होतं. शेवटच्या पानावर नेक्स्ट नसावी. लिमिट शून्य किंवा उणे आलं तर ४००, तुझ्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त मागितलं तर एरर नको, कमाल तेवढे दे आणि पुढची लिंक दे.

तुझं एपीआय पाणीपातळी पण देतंय असं तू लिहिलंयस, तर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी हे दोन आकडे तुझ्या कोडमधे कुठंतरी असणार. ३९ ला बरोबर इशारा लागतो का, ४३ ला बरोबर धोका लागतो का, आणि त्याच्या एक इंच खाली लागत नाही ना, याच्या टेस्ट कुणीही लिहील. पण दोन खड्डे आहेत. पहिला मीटरचा. ४३ फूट म्हणजे १३.१०६४ मीटर, आणि कुणी डेटाबेसमधे एका दशांशापर्यंत गोल करून १३.१ ठेवलं की परत फुटात ते ४२.९८ होतं, म्हणजे नदी धोका पातळीवर आहे आणि एपीआय सांगतंय अजून नाही. दुसरा इंचाचा. आपल्याकडं ४२ फूट ११ इंचाला लोक ४२.११ लिहितात, रोजच्या तक्त्यात पण तसंच येतं, आणि कोड ते दशांश म्हणून वाचतो. ४२ फूट ११ इंच म्हणजे ४२.९२ फूट, ४२.११ नाही, आणि ४२.९ असं लिहिलेलं असेल तर ते ४२ फूट ९ इंच म्हणजे ४२.७५ फूट. दशांश म्हणून वाचलं तर ४२.९ हा ४२.११ पेक्षा मोठा ठरतो, म्हणजे पाणी दोन इंचांनी चढलं तरी तुझा आलेख उतार दाखवणार. या दोन्हीला टेस्ट लिही, फूट आणि इंच वेगवेगळ्या रकान्यांत घे, आणि आयातीच्या वेळी बिंदूनंतर काय आहे हे न विचारता पुढं जाऊ देऊ नको.

वेळेचं पण तसंच. एक ऑगस्टला रात्री दोन वाजता घेतलेलं रीडिंग यूटीसीमधे ३१ जुलैचं, रात्री साडेआठचं असतं. कुणी 'एक ऑगस्टचा डेटा' मागितला तर ते यायला पाहिजे की नाही? पुराचं पाणी रात्री पण चढतं, त्यामुळं हे पहाटेचे तास गळले की आलेखात नेमकं तिथंच भोक पडतं. वाडीच्या डेटात असं एक रीडिंग मुद्दाम ठेव.

टाइल्सचं, म्हणजे नकाशाच्या चौकोनी तुकड्यांचं, थोडक्यात. कोल्हापूर शहराचा मध्य झूम १० ला एक्स ७२३ आणि वाय ४६३ च्या टाइलमधे येतो, टीएमएस पद्धतीत वाय खालून मोजतात म्हणून १०२३ मधनं वजा करून ५६०. हे आकडे टेस्टमधे सरळ लिहून टाक, सूत्र परत टेस्टमधे लिहू नको, नाहीतर कोडमधली चूक टेस्टमधे पण तशीच उतरते. व्हेक्टर टाइल (चित्राऐवजी आकार असलेली) असेल तर डीकोड करून लेयरचं नाव, फीचरची संख्या आणि एक्स्टेंट (टाइलच्या आतल्या मापाची बाजू), जो बहुतेक ४०९६ असतो, तेवढं बघ, बाइट्स ताडू नको. रिकाम्या टाइलला २०४ ('मजकूर नाही') द्यायचं की रिकामी टाइल घालून २०० द्यायचं ते ठरव आणि एकच ठेव. चित्राच्या बाबतीत, डब्ल्यूएमएस सर्व्हर बऱ्याचदा एररचा एक्सएमएल पण २०० स्टेटसनं पाठवतात, म्हणून स्टेटसवर विसंबू नको, कंटेंट टाइप इमेज पीएनजी आहे का बघ, मग चित्र उघडून त्यात एकापेक्षा जास्त रंग आहेत का बघ, पूर्ण पारदर्शक चित्र हे सगळ्यात फसवं उत्तर असतं. एलच्या आखूड हाताच्या जागचा पिक्सेल निळा आहे आणि समोरच्या रिकाम्या कोपऱ्यातला नाही, एवढं तपासलं की पुरे. अख्खं चित्र ताडायला गेलास तर फाँट आणि कडांच्या गुळगुळीतपणामुळं तुझ्या लॅपटॉपवर हिरवं आणि सर्व्हरवर लाल असं रोज होईल.

गावांच्या नावांकडं आपले लोक दुर्लक्ष करतात आणि मला ते खटकतं, कारण वापरणारा माणूस मराठीतच शोधणार आहे. एक छोटी वाटणारी गोष्ट सांगतो. कऱ्हाड हे नाव तीन प्रकारे टाइप होतं. ऱ हे एकच अक्षर घेऊन, किंवा र ला खाली नुक्ता देऊन, किंवा साध्या र् च्या पुढं न दिसणारा झेडडब्ल्यूजे टाकून. स्क्रीनवर तिन्ही जवळजवळ सारखे दिसतात. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) केलं की पहिले दोन एक होतात, तिसरा होत नाही, तो तुला स्वतः सांभाळावा लागतो. तर वाडीतल्या एका गावाचं नाव ऱ्ह वालं ठेव आणि तिन्ही प्रकारे शोधून तेच गाव येतं का ते बघ. शेपफाइलमधनं (नकाशाच्या डेटाच्या फाइलमधनं) डेटा येत असेल तर आयातीनंतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं नाहीत ना याची पण एक टेस्ट. आणि नावानं जोडणी कधीच करू नको, वडगाव नावाची किती गावं आहेत ते मोजून बघ, गावाचा कोडच वापर आणि तो टेक्स्ट म्हणून ठेव, आकडा केलास की पुढचं शून्य जातं.

ब्राउझरमधनं वेगळ्या डोमेनवरनं मागणी येते तेव्हाचे सीओआरएस हेडर (दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारे) टेस्टमधे ओरिजिन पाठवून तपास, टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टला ते नसले तरी चालतं आणि नकाशाला चालत नाही. मानक पाळतोय असा दावा करत असशील तर ओजीसीचं टीम इंजिन हे तपासणीचं साधन फुकट आहे, महिन्यातनं एकदा चालव. ओपनएपीआयची फाइल (एपीआयचं लेखी वर्णन) असेल तर स्किमाथेसिस हे साधन वेडेवाकडे इनपुट आपोआप पाठवून ५०० कुठं येतं ते शोधून देतं, आम्हाला पहिल्याच दिवशी चार सापडले होते.

राहिला तुझा रोज बदलणारा खरा डेटा. त्याला पण तपासणी पाहिजे पण ती वेगळ्या ठिकाणी, कोडच्या टेस्टमधे मिसळू नको. कोडच्या टेस्ट प्रत्येक पुशला (कोड सर्व्हरवर पाठवला की) आपोआप चालल्या पाहिजेत, राधानगरी धरणाचे सात दरवाजे जसे पाणी पातळीला आलं की स्वतः उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत, तसं, आणि त्या लाल झाल्या की मर्ज (नवा कोड मुख्य प्रतीत मिसळणं) थांबलं पाहिजे. खऱ्या डेटाची तपासणी रात्री चालव आणि ती लाल झाली तर डेटा बघणाऱ्या माणसाला मेसेज जाऊ दे, डेव्हलपरचं काम अडवू नको. तिथं 'हाच आकडा' असं विचारायचं नाही, 'हे कधीच मोडू नये' असं विचारायचं: जिल्ह्याचे तालुके बाराच आहेत, प्रत्येक गाव कुठल्यातरी एकाच तालुक्यात पडतं, कुठलाही बिंदू जिल्ह्याच्या चौकटीबाहेर नाही, सगळे आकार व्हॅलिड आहेत, कालच्यापेक्षा गावांची संख्या अचानक कमी झाली नाही, शेवटचं पातळीचं रीडिंग पावसाळ्यात काही तासांपेक्षा जुनं नाही.

तुझ्या त्या साठ टेस्ट लगेच पुसू नको. एकेक उघड आणि लिहिताना मनात काय तपासायचं होतं ते आठव, ते वाडीवर परत लिही, मग जुनी काढ. माझ्या अंदाजानं साठाच्या पंचवीस होतील आणि मिनिटाभराच्या आत चालतील. क्रम विचारशील तर आधी पेजिंग, मग बीबॉक्स, मग पातळीचे आकडे, कारण या तीन ठिकाणची चूक माणसापर्यंत पोचते. टाइल आणि चित्रं सगळ्यात शेवटी. कंटेनरची आवृत्ती पक्की लिहून ठेव, लेटेस्ट लिहू नको, नाहीतर जिओस कधी बदललं ते तुला टेस्ट लाल झाल्यावरच कळेल.

आणि पंचवीस झाल्या की एक दुपार काढून मुद्दाम मोडतोड कर. वेगळ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या प्रतीवर) ऑर्डर बाय काढ आणि चालव. ते परत लावून इंटरसेक्ट्सचं विदिन कर, चालव. रेखांश-अक्षांश उलटे कर. क्षेत्रफळ ३८५७ मधे काढ. ४३ च्या तुलनेतलं 'पेक्षा मोठं किंवा समान' चं नुसतं 'पेक्षा मोठं' कर. प्रत्येक वेळी कुठली टेस्ट लाल झाली ते कागदावर त्या वाडीच्या चित्राशेजारी लिही, आणि ज्या मोडतोडीला एकही लाल झाली नाही तिथं कुठला आकार किंवा कुठली ओळ वाडीत कमी पडली ते शोधून टाक. ऑर्डर बाय काढल्यावर पंधरा ओळींत बहुतेक वेळा सगळं हिरवंच राहील, कारण छोट्या टेबलात ओळी योगायोगानं भरलेल्या क्रमानंच येतात, म्हणून त्या एका टेस्टमधे ओळी आयडीच्या उलट्या क्रमानं भर आणि पानं वाचता वाचता मधेच एक ओळ अपडेट कर, की तिची जागा हलते आणि टेस्ट लाल होते.